आईला काय खायचं होतं

हैदराबादला ताईनं आईला आठ दिवसांत सात देशांचं जेवण खाऊ घातलं आणि त्यातल्या एकाही देशाचं जेवण मला गोड लागलं नाही. जेवण वाईट होतं असं नाही. जेवण चांगलं होतं, आणि आईला ते आवडत होतं, हीच माझी अडचण होती.

आम्ही सौंदडहून निघालो तेव्हा धान विकून झालं होतं. घरात कामाची घाई नव्हती. बाबा गाय-वासराच्या निमित्तानं मागे राहिले. ताईनं फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की आई आता येतेच आहे तर तिनं होळीपर्यंत राहावं, तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामीच असते. मी बाबांना म्हणाले होते, आठ दिवसांनी मी आईला घेऊन परत येते, तिथं सोडून येणार नाही. दोघींची परतीची तिकिटं मीच काढली होती. बाबा म्हणाले, तिले विचार. मी म्हणाले, तिला काय विचारायचं, तिला आपल्या घराशिवाय करमत नाही.

हे मी इतक्या खात्रीनं बोलत होते, त्याला कारण आमचं घर. बाबा तरुणपणापासून पत्रकं काढत आले. कधी नवेगाव बांधच्या तलावात जाळं टाकण्याचा हक्क कुणाचा यावर, कधी धानाच्या वजनात होणाऱ्या लबाडीवर. पहिलीत मला बाराखडी नीट येत नव्हती, पण ‘बंधू-भगिनींनो’ हा शब्द मी न अडखळता वाचत होते. शाळेत निबंध लिहायला सांगितला की माझ्या शेवटच्या ओळीत मागण्या असायच्या. पत्रकांना घड्या घालायला बाबा, मी आणि आई अंगणात बसायचो. ताई कधी बसली नाही. ती मागच्या खोलीत दार लावून अभ्यास करायची. पुढं ती नागपूरला इंजिनिअरिंगला गेली, तिथून हैदराबादला. तिथंच नोकरी करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. माझ्या मनात तेव्हापासून एक हिशेब पक्का होता: बाबा, आई आणि मी एका बाजूला, ताई दुसऱ्या बाजूला. आई माझ्या बाजूची आहे का, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. घड्या घालायला बसायची ना ती, मग झालं.

बल्लारशाला गाडी बदलून आम्ही सकाळी पोचलो आणि त्याच संध्याकाळी ताई आणि भाऊजी आम्हाला इटलीचं जेवण मिळतं अशा ठिकाणी घेऊन गेले. काचेची भिंत, लाकडी टेबलं, मंद दिवे. आईनं चपला दाराबाहेर काढल्या. भाऊजींनी त्या न हसता उचलून आणल्या आणि तिच्या पायाशी ठेवल्या. हे ताईनं केलं असतं तर मला काही वाटलं नसतं. जावयानं सासूच्या चपला उचलल्या आणि तिला ‘आई, इथं चालतात’ असं म्हटलं, तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी टोचलं. आई म्हणायचा अधिकार आमचा दोघींचा होता, आणि त्यातही माझा जास्त, असं मी धरून चालत होते.

ताईनं मेनू उघडला आणि विचारलं, आई, तुला काय खायचंय?

आई म्हणाली, काहीही चालते.

आमच्या घरात जेवणाबद्दलचं आईचं मत एवढंच होतं. ‘काहीही चालते.’ मला या वाक्याचा अभिमान होता. अर्जुनी मोरगावच्या एका सभेत मी ते भाषणातसुद्धा वापरलं होतं, की माझी आई काहीही चालते म्हणते, तिच्या गरजा थोड्या आहेत, या बाजारानं आपल्याला हे मागा ते मागा शिकवलंय. टाळ्या पडल्या होत्या.

ताई मात्र तिथं थांबली नाही. तिनं एकेक पदार्थ मराठीत सांगायला सुरुवात केली. या जाड शेवया, टमाट्याच्या रश्शातल्या. ही भाकरीसारखी, वरून चीज घालून भट्टीत भाजलेली. ही पालकाची. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, तिला काहीही दे, ती खाण्याची नखरेल नाही. ताई शांतपणे म्हणाली की मी तिला विचारतेय. मग बराच वेळ गेला. वेटर दोनदा येऊन गेला. शेवटी आईनं पदर सारखा करत विचारलं, सात्या मिळते का? सात्या म्हणजे पावसाळ्यात आमच्याकडे जंगलात उगवणारे मशरूम. तसले नाही पण मशरूम होते. आईनं सगळ्या शेवया संपवल्या. मी माझ्या ताटातलं अर्धं टाकलं आणि वर ताईला सुनावलं की इथं अन्न किती वाया जातं.

दुसऱ्या दिवशी जपान. तिथं जे झालं त्याचा दोष मी कुणावर टाकू शकत नाही.

छोट्या वाडग्यात पांढरा भात आला. आईनं एक शीत बोटांत धरून चेपलं आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, नव्या धानाचा हाय, गिचका झाला. आमच्या भागात पाहुण्याला नव्या तांदळाचा भात वाढणं हा त्याचा अपमान समजतात. तांदूळ निदान वर्षभर घरात जुना व्हावा, भात शिजताना पाणी काढावं, शीत न् शीत मोकळं उतरावं. भात चिकटला तर त्या घरच्या बाईचं नाव जातं. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या थाटाच्या ठिकाणी लोकांना नव्या तांदळाचा गिचका भात घालतात आणि लोक गुमान खातात, हे माझ्याच्यानं पाहवलं नाही. मी मॅनेजरला बोलावलं. गोंदियाच्या हिंदीत, उभी राहून, मी त्याला सांगितलं की हम धान के इलाके से आए हैं, हमको चावल मत सिखाइए, ये नया चावल है और आप ग्राहकों को फँसा रहे हैं. शेजारची दोन टेबलं वळून पाहू लागली. मला त्याचं बरंच वाटलं. बोलताना माणसं वळून पाहतात याची मला सवय होती.

मॅनेजर वयानं माझ्याएवढाच असेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फार नम्रपणे सांगितलं की हा तांदूळ जातीनंच चिकट असतो, काड्यांनी उचलता यावा म्हणून तसाच शिजवतात, मोकळा झाला तर इथं स्वयंपाक्याला बोलणी बसतात. भाऊजींनी तोंडावर रुमाल धरला. ताईचे कान लाल झाले. मी बसले. पण आई बसल्या जागी पुढं सरकली आणि तिनं मॅनेजरला विचारायला सुरुवात केली. पाणी काढता का? किती वेळ भिजवता? झाकण कधी ठेवता? त्याला काही सांगता येईना, तेव्हा त्यानं आतून स्वयंपाक्याला बोलावलं. तो मणिपूरचा होता. त्यानं सांगितलं, आमच्या गावाकडेही चिकट भात आवडीनं खातात. आई आणि तो दोघं आपापल्या मोडक्या हिंदीत धान या विषयावर असे बोलत राहिले की जणू एकाच बांधावर उभे आहेत. तो गेल्यावर तिनं काड्या हातात घेतल्या. चिखलात वाकून धानाचं एकेक रोप वेगळं करून रोवणारी बोटं ती. दहा मिनिटांत तिला जमलं. माझ्या काड्यांतून माशाचा तुकडा तीनदा टेबलावर पडला.

त्या रात्री फोनवर आईनं बाबांना हे सगळं रंगवून सांगितलं. तुमची पोरगी भातासाठी भांडली, असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पलीकडे बाबाही हसत होते. आई हसते हे मला माहीत होतं. पण माझ्यावर हसताना तिनं ताईच्या खांद्यावर हात ठेवलेला होता.

भाऊजींना तर आयतंच सापडलं. तिसऱ्या दिवशी थायलंडच्या हॉटेलात शिरताना त्यांनी मला विचारलं, “आज भात मागवायचा, की आधी निवेदन द्यायचं?” ताई हसली. आईनं पदर तोंडाला लावला, पण तीही हसत होती.

त्या थायलंडच्या टेबलावर मला आणखी एक गोष्ट कळली. नारळाच्या दुधातली हिरवी भाजी आली, तेव्हा ताईनं आईपुढून वाटी उचलून स्वतःकडे घेतली आणि तिच्यासाठी दुसरं काही सांगितलं. मी विचारलं, का? ताई म्हणाली, तिला खोबरं आवडत नाही ना. मी आईकडे पाहिलं. आईनं नुसतं ओठ दुमडून ‘नाही आवडत’ असं तोंड केलं. मी चोवीस वर्षं तिच्या हातच्या खोबऱ्याच्या करंज्या खाल्ल्या होत्या. ती कधी स्वतः खात नव्हती, हे आता आठवलं, पण मला वाटायचं ती आमच्यासाठी ठेवते. मी तसंच लिहिलंही असतं, त्यागावर वगैरे. आणि ताई, जी वर्षातून आठ दिवस घरी येते, तिला माहीत होतं. कुणी सांगितलं होतं तिला? की तिनं विचारलं होतं? मला ताईच्या पगाराचा, फ्लॅटचा, इंग्रजीचा कधी वाटला नसेल तेवढा हेवा त्या क्षणी या एका माहितीचा वाटला.

दिवसा ताई आणि भाऊजी कामावर जायचे. फ्लॅटमध्ये आई आणि मी. त्या वेळात मी आईवर काम केलं, असंच म्हणावं लागेल. बाबांना चहा कोण देत असेल, गाय दूध चोरत असेल, शेजारची काकू घरात येऊन काय काय बघून जात असेल. मग हॉटेलांवर यायचे. तिथली पोरं बारा-बारा तास उभी राहतात, बसायला स्टूल नसतं, गावाकडून आलेली असतात, एका खोलीत दहा राहतात. आपण खातो ते त्यांच्या पायांच्या गोळ्यांवर. यातलं काही खोटं नव्हतं. पण मी ते त्या पोरांसाठी बोलत नव्हते. मला आईचं त्या टेबलांवरचं मन उडवायचं होतं. खरी गोष्ट वाईट हेतूनं बोलली की बोलणाऱ्यालाच आधी कळतं. मला कळत होतं आणि मी बोलत होते.

आई ताईच्या स्वयंपाकघरात मटार सोलत होती. ती म्हणाली, “ते पोरं उभे राहतात म्हणून मी बसू नोको का?”

मी म्हणाले, तसं नाही गं.

“मग कसं?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली.

चौथ्या, पाचव्या दिवशी आई आधीची राहिली नव्हती. मेनू हातात घ्यायची. वाचता येत नसलं तरी चित्रं बघायची आणि बोट ठेवायची. कालच्यासारखं आंबट नको म्हणायची. मेक्सिकोच्या ठिकाणी तिनं राजमा परत पाठवला, कच्चा राहिला म्हणून, आणि तो खरंच कच्चा होता. लेबनॉनच्या जेवणातली चण्याची चटणी तिला इतकी आवडली की तिनं दुसऱ्यांदा मागवली. ‘मागवली’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. तिनं स्वतः, वेटरला हात करून. ताई तिच्याकडे अशी बघत होती जसं आपलं मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा बघतात. आणि मी ताईकडे बघत होते.

एकोणिसाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं होतं. विषय होता घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं. गुलाबी कागदावर छापलं. केशोरीच्या बाजारात, आईच्या माहेरगावात, मी ते बायांच्या हातात दिलं. त्याच्या घड्या आईनं घातल्या होत्या. छपाईच्या आधी मी त्यातल्या चुका तपासत बसले होते, तेव्हा आईनं माझं ताट वाढून माझ्या शेजारी आणून ठेवलं होतं, आणि नंतर ती चुलीपाशी काय आणि केव्हा जेवली, ते मी बघितलं नव्हतं. ही आठवण मला लेबनॉनच्या चटणीसमोर आली. मी ती झटकली. मी स्वतःला सांगितलं की ताईनं हे सगळं पैशाच्या जोरावर केलंय. पैसा असला की कुणीही आईला खुर्चीवर बसवेल.

सातव्या संध्याकाळी ताई म्हणाली, आज येमेनचं जेवण, मंदी. हैदराबादेत हे खूप चालतं असं भाऊजी सांगत होते. गाडीत भाऊजी पुढं आणि आई त्यांच्या शेजारच्या सीटवर होती, हे मला आजवर खटकलं नव्हतं, त्या दिवशी खटकलं. आमच्याकडे जावयाचा मान मोठा. सासू जावयासमोर जेवत नाही. आमच्या घरी भाऊजी येतात तेव्हा आई वाढते, डोक्यावरून पदर घेते आणि आतल्या खोलीत जाते. हैदराबादेतही सहा दिवस ती टेबलावर भाऊजींपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर, किंचित तिरकी बसत होती. माझी आई अजून माझीच आहे, याचा माझ्याकडे उरलेला पुरावा तो तिरकेपणा होता.

मंदीच्या ठिकाणी टेबलं नव्हतीच. पडदे लावलेल्या छोट्या छोट्या जागा, खाली गाद्या, भिंतीला लोड. चौघं बसलो आणि थोड्या वेळानं दोन पोरांनी एक ताट उचलून आणलं. परातीएवढं. त्यात भाताची रास आणि वर कोंबडीचे मोठे तुकडे. एकच ताट. चौघांत.

मला सगळं एकदम दिसलं. ताट मध्ये, समोर जावई, इकडे आई. जावयाच्या ताटात सासूनं हात घालायचा. मी उठून उभी राहिले. मी ताईला म्हणाले की तुझी हौस झाली ना, सात दिवस आम्ही गप्प बसलो, पण आईला तू असं लाजवायचं काम नाही. तुला गावाची रीत विसरायची तर विसर, तिला का भरडतेस. तिला नाही म्हणता येत नाही म्हणून तू तिला वाटेल तिथं नेऊन बसवतेस. मी आणखीही बोलले. माझा आवाज पडद्याबाहेर गेला असणार, कारण ताट आणणारं एक पोरगं परत डोकावलं. शेवटच्या पंगतीविरुद्ध पत्रक काढणारी मी, सासूनं जावयासमोर जेवू नये यासाठी उभी राहून भांडत होते, हे मला तेव्हा जाणवलं नाही. भाऊजी उठले आणि म्हणाले, मी बाहेर बसतो, तुम्ही तिघी जेवून घ्या.

“बसा जवाईबापू,” आई म्हणाली. मग मला म्हणाली, “तू कायले उभी राहिली? बस खाली.”

मी म्हणाले, आई, तुला नको असेल तर…

“मीच म्हटलं होतं इथं यायले.”

ते असं झालं होतं. दोन दिवसांपूर्वी परत येताना गाडी सिग्नलला थांबली होती. मी मागे फोनमध्ये होते. आईला काचेतून रस्त्यालगतच्या एका हॉटेलात एक कुटुंब दिसलं, म्हातारी बाई, सुना, नातवंडं, पुरुष, सगळे एका ताटाभोवती जेवत होते. तिनं भाऊजींना विचारलं हे काय. त्यांनी सांगितलं, आणि विचारलं की तुम्हाला माझ्याबरोबर असं चालेल का, नसेल तर आपण वेगळी ताटं मागू. आई म्हणाली होती, विचार करून सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिनं त्यांना सांगितलं होतं, चालेल, जाऊ. एवढा सगळा व्यवहार माझ्या चार हातांवर झाला होता.

“त्यायनं मले विचारलं,” आई म्हणाली. “मी हो म्हटलं. तू माह्यासाठी बोलून राहिली, पन मले विचारलं का कधी?”

ती रागावलेली नव्हती. तेच वाईट होतं. रागावली असती तर मी भांडले असते.

मी बसले. आईनं कोंबडीचा एक तुकडा मोडला आणि भाऊजींच्या बाजूला सरकवला. दुसरा स्वतः घेतला. तिसरा माझ्याकडे. भाऊजींनी मान खाली घालून जेवायला सुरुवात केली, बहुधा तिला अवघडू नये म्हणून. पदर डोक्यावर होता, पण ती तिरकी बसली नव्हती. मांडी घालून, ताटाला तोंड करून, आमच्या घरी बाबा बसतात तशी ती बसली होती. भात लांब, मोकळा, मसाल्याचा वास असलेला. मी खाल्ला. चांगला होता. माझ्या मनात काय होतं ते सांगायचं तर, आईची बाजू कळली, पटली, असं काही नव्हतं. मनात एकच होतं. चोवीस वर्षांत आईनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि जावयाकडे मागितलं होतं. सहा दिवसांत.

हात धुवायला गेले तेव्हा बेसिनवर पाणी सोडून मी तिथंच उभी राहिले. आणखी काय बोलता येईल, उद्या तिला गाडीत कसं बसवता येईल, याचाच विचार चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. मी माझी बॅग भरली आणि आईची बघितली तर ती पलंगाखालीच होती. साड्या कपाटात, ताईच्या कपड्यांशेजारी. आई म्हणाली, तू जा, मी होळीपर्यंत राहीन. मी म्हणाले, बाबा? ती म्हणाली, त्यायले विचार. मी फोन लावला. मला वाटलं होतं बाबा तरी माझ्या बाजूला येतील, निदान म्हणतील की घर ओस पडलंय. त्यांनी फोन आईला द्यायला सांगितला. दोघं पाच मिनिटं बोलले, गाईबद्दल जास्त. मग फोन माझ्याकडे आला आणि बाबा म्हणाले, राहू दे तिले, मन झालं तर राहू दे.

स्टेशनवर ताईनं माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली की तू पण राहा ना, तुझं तिकीटही रद्द करू. मी म्हणाले, मला कामं आहेत. कामं होती, पण ती थांबली असती. ताईनं विचारलं तेव्हा मी आईकडे बघितलं होतं. तिनं म्हटलं असतं तर मी राहिले असते. ती म्हणाली, बाबाले सकाळचा चहा बिनसाखरेचा दे, ते सांगणार नाहीत. गाडी हलली तेव्हा ती आणि ताई एकाच वेळी हात हलवत होत्या, आणि दोघींची हात हलवायची पद्धत सारखी आहे, हे मला तोपर्यंत कधी दिसलं नव्हतं.

आता मी घरी आहे. स्वयंपाक मी करते. बाबा जेवताना काही बोलत नाहीत, त्यांना कसं लागलं ते मी विचारते, ते म्हणतात, बरं हाय. दर रविवारी घरच्या ग्रुपवर ताई फोटो टाकते. एकदा कोरिया आला, समोर शेगडी आणि त्यावर मांस. काल तुर्कस्तान आलं. बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी त्यांना फोन जवळ धरून दाखवते. ते बराच वेळ बघतात. काल त्यांनी विचारलं, बारीक झाली का ती? मी म्हणाले, थोडीशी वाटते. खरं तर तिचा चेहरा भरलाय.

बाबा गोठ्यात गेल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. आधी डोळे पाहिले, मग तोंडाच्या कडा, मग टेबलावर ठेवलेला हात. करमत नसल्याची, थकल्याची, परत यावंसं वाटत असल्याची एखादी खूण मी शोधत होते. तिच्या गालात घास होता आणि ती ताईकडे बघून काहीतरी सांगत होती.